अनुभव धागा : ऐंशीच्या दशकातलं उपनगर, तेव्हाच्या हातच्या कामांची कृती लिहा

रिडेव्हलपमेंटच्या आधी गच्च्या रिकाम्या करायला घेतल्या की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळीकडे तोच ढीग निघतो. ॲल्युमिनियमच्या वाकलेल्या नळ्या, चपट्या वायरीची भेंडोळी, गंजलेले क्लॅम्प. टीव्हीचे अँटेने. आताच्या मुलांना ते कशाचं सामान आहे हेही ओळखू येत नाही, त्यावरून हा धागा सुचला.

आठवणी काय, सगळेच काढतात. इथे कृती लिहा. काय लागायचं, किती लागायचं, कुठे फसायचं आणि का. तेव्हाच्या दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात हे सगळं होतं आणि कुणी कागदावर उतरवलंच नाही.

अँटेन्यापासून सुरुवात करते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, चॅनेल ४, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. त्या मापाला मधली दुहेरी नळी (डायपोल) साधारण २.२ मीटर लांब. तिच्यामागे थोडी मोठी नळी, पुढे थोडी छोटी. छोट्या नळीचं टोक वरळीच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे. डोंबिवली-मुलुंडहून नैऋत्येला, बोरिवलीहून जवळजवळ सरळ दक्षिणेला. अर्ध्या बिल्डिंगीत अँटेना उलटा बसवलेला असायचा, मोठी नळी मनोऱ्याकडे. चित्र यायचं, पण मुंग्यांसकट, म्हणजे पडद्यावर ठिपक्यांची वळवळ.

एक जण गच्चीत, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. जिन्यातला निरोप्या सगळ्यात महत्त्वाचा. नळी एकदम फिरवायची नाही, बोटभर फिरवून थांबायचं. खालून "आलं" अशी हाक येईपर्यंत वरच्याचा हात पुढे गेलेला असतो, म्हणून बोटभर मागे यायचं आणि मगच नट आवळायचा.

लिहा आता.

*

सोल्डरिंग

मस्त विषय. चपट्या वायरीबद्दल राहिलं ते लिहितो. ती ३०० ओहमची जोडवायर. लोखंडी पाइपाला किंवा खिडकीच्या गजाला चिकटवून आणली की सिग्नल निम्मा तिथेच जायचा. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायची आणि दर फुटाला एक पीळ द्यायचा. पावसाळ्यात चित्र बिघडायचं त्याचं कारण बहुतेक वेळा ही वायरच. प्लास्टिकवर धूळ-काजळी बसते आणि ती ओली झाली की सिग्नल खाते. मे महिन्यात ओल्या फडक्याने पुसून घेतली की जूनमध्ये त्रास कमी.

दुसरी जागा म्हणजे डायपोलचे दोन स्क्रू. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची नळी खाऱ्या हवेत एकत्र आली की तिथे पांढरी पूड धरते. पॉलिश पेपरने घासायचं, स्क्रू आवळायचा, वरून मेणबत्तीचं मेण ओतायचं. वर्षभर बघायला नको.

आणि भूत. चित्राच्या उजवीकडे तेच चित्र फिकट दिसायचं ना, ते उंच इमारतीवर नाहीतर डोंगरावर आपटून उशिरा आलेल्या सिग्नलचं. ३०० मीटर जास्त फिरून आला तर एक मायक्रोसेकंद उशीर, २० इंची पडद्यावर पाऊण सेंटिमीटर सरकलेलं भूत. पट्टीने मोजून कुठल्या इमारतीचा दोष ते काढता यायचं. त्यावर उपाय म्हणजे अँटेना सरळ मनोऱ्याकडे न ठेवता भूत पुसट होईल इतका तिरका करायचा, चित्र थोडं फिकं झालं तरी चालेल.

कैरीचं_लोणचं

भुताचा हा हिशोब आत्ता कळतोय 🙏 आमच्याकडे सगळे कावळ्यांना दोष द्यायचे.

सोल्डरिंग

कावळ्यांचाही होताच. पुढच्या नळीवर बसून ती वाकवायचे. आडवी नळी खाली झुकली की जोर कमी होतो.

गच्चीवाली

गच्ची म्हटली की वाळवण, त्यामुळे माझा तोच विषय. बटाट्याचा कीस. जुना बटाटा घ्यायचा, नवा नाही. नव्यात पाणी जास्त, वाळून हातात काही राहत नाही आणि तळला की लाल होतो. किसणी थेट पाण्याच्या पातेल्यावर धरायची, कीस हवेत राहिलाच नाही पाहिजे, नाहीतर काळा पडतो. पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवायचा, जास्त नाही, तुरट लागतो. दोन-तीन पाणी बदलून धुवायचा, पिठूळपणा जाईपर्यंत.

मग उकळत्या पाण्यात मीठ घालून दोन-तीन मिनिटं. कीस पारदर्शक दिसायला लागला की लगेच चाळणीवर. एक मिनिट जास्त झालं की लगदा होतो, कमी झालं की वाळताना मधे काळा. पसरायचा सुती धोतरावर. प्लास्टिकवर खालून घाम धरतो आणि वास येतो. साबुदाण्याच्या पापड्या मात्र प्लास्टिकवरच, त्या कापडाला चिकटतात.

पोरांचं काम राखणीचं. काठी घेऊन बसायचं, दुपारी एकदा कीस वरखाली करायचा, संध्याकाळी चारच्या आत खाली आणायचा. दव धरलं तर दुसऱ्या दिवसाचं ऊन वाया जातं.

निरोप_घेऊन_येतो

राखणीला बसलेल्यांनी अर्धा कीस कच्चाच संपवला नाही असं एकही घर नसेल.

गच्चीवाली

कुरडईचा चीक तर वाळवणापर्यंत पोहोचायचाच नाही सगळा. गरम चीक, वर तूप नाहीतर दूध-साखर. त्यासाठी मुद्दाम एक वाटी जास्त गहू भिजवायचे. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून. पाणी बदलायचं राहिलं की आंबूस वास, आणि मग तो तळल्यावरही जात नाही. वाटून, गाळून, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं. खाली बसलेला घट्ट चीक जितका, तितकंच आधणाचं पाणी.

मुलुंड_चेकनाका

+१ गच्चीवाली.

मी ट्यूबलाइटवर लिहितो. मुलुंड-भांडुपला वीज मंडळाची वीज होती, मुंबईच्या बाकीच्या उपनगरांत दुसऱ्या कंपन्यांची. संध्याकाळी सातनंतर दाब उतरला की ट्यूब नुसती लुकलुकायची. त्यात तीन प्रकार. दोन्ही टोकं काळी पडली असतील तर ट्यूब संपली, बदला. दोन्ही टोकं केशरी होऊन तशीच राहिली, मधे उजेड नाही, तर स्टार्टर (ट्यूब पेटवणारी पट्टीवरची छोटी डबी) आत चिकटलाय. लाकडी स्टुलावर उभं राहून स्टार्टर पाव फेरा फिरवून काढला की त्याच क्षणी ट्यूब लागते. पेटून झाल्यावर स्टार्टरचं काम नसतंच. तिसरा प्रकार, काहीच होत नाही, तर ट्यूबच्या पिना फिरवून बघा, होल्डरमध्ये गंज. तेही नसेल तर चोक (पट्टीतली तारेची जड गुंडाळी) गेला, त्याला हात लावायचा नाही, वायरमनला हाक.

ठाकुर्ली_स्लो

डोंबिवली उपनगरात धरताय का तुम्ही लोक? मग मी पण लिहिणार.

मुलुंड_चेकनाका

महापालिकेची हद्द मुलुंड, दहिसर आणि मानखुर्दला संपते. पिनकोड बघा. मुलुंड ४०० ०८०, डोंबिवली पूर्व ४२१ २०१.

ठाकुर्ली_स्लो

पिनकोडवरून उपनगर ठरत नाही हो दादा. ज्या गावातल्या पोरांना ८:०२ ची लोकल कुठे थांबते आणि ८:१० कुठे थांबत नाही हे पाढ्यांच्या आधी पाठ असतं, ते उपनगर.

सोल्डरिंग

हे मान्य. डोंबिवली आत. लिहा बिनधास्त.

ठाकुर्ली_स्लो

दिवाळीचा किल्ला. हा विषय दुसऱ्या कुणाला देणार नाही.

जागा: जिन्याखाली नाही, तिथे ऊन नाही. बिल्डिंगच्या पूर्वेच्या भिंतीला. आधी विटा, फुटक्या फरश्या, दगड यांचा सांगाडा. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण नुसती माती उतारावर थांबत नाही. गोणपाटाच्या घड्या म्हणजेच कडे आणि दऱ्या, त्या आधी ठरवायच्या. मग चाळलेली लाल माती, चार घमेल्यांना एक घमेलं वाळू. वाळू नसली की दुसऱ्या दिवशी भेगा. बांधकामाशेजारची माती आणू नये, सिमेंट असतं, त्यात काही उगवत नाही.

गवतासाठी हळीव. अर्धा तास पाण्यात भिजवायचं, बुळबुळीत झालं की उतारावरही चिकटून राहतं. ओल्या मातीवर पातळ पसरायचं, वर माती घालायची नाही. दिवसातून तीनदा हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलं की सगळं पायथ्याशी वाहून येतं. चार-पाच दिवसांत इंचभर. जाड पेरलं तर खाली पांढरी बुरशी येते आणि एका रात्रीत आडवं पडतं. लवकर पेरलं तर लांबतं आणि वाकतं. वसुबारसेला किल्ला दाखवायचा असेल तर आश्विन वद्य षष्ठी-सप्तमीला पेरायचं. मोहरी पेरणार असाल तर एक दिवस आधी.

कारंजं सलाइनच्या नळीचं. बाटली पाच फुटांवर खिळ्याला, नळी मातीखालून, तोंडाला रिकाम्या रिफिलचा तुकडा. नळीत हवेचा फुगा राहिला तर पाणी येत नाही. म्हणून आधी नळी पाण्याने भरून बोटाने दाबून धरायची आणि मग पुरायची. कारंजं बाटलीतल्या पाण्याच्या वर कधीच जात नाही, म्हणून बाटली पुरेशी उंच हवी एवढंच.

कैरीचं_लोणचं

आणि महाराज कुठे बसवायचे? यावर भांडणं व्हायची.

ठाकुर्ली_स्लो

ज्या किल्ल्याची प्रतिकृती त्याप्रमाणे. रायगड असेल तर पूर्वेला भवानी टोक, पश्चिमेला हिरकणी बुरूज, उत्तरेला टकमक टोक, दक्षिणेला श्रीगोंदे टोक. महाराज होळीच्या माळाच्या अंगाला. प्रतापगड असेल तर खालचा आणि वरचा असे दोन भाग दिसलेच पाहिजेत, भवानीचं देऊळ खालच्या भागात. मावळे उतारावर उभे राहत नाहीत, त्यांच्या तळाला काडेपेटीची काडी चिकटवून मातीत खोचायची.

आरे_युनिट

गोरेगावची बाजू कुणी घेतली नाही म्हणून दुधाबद्दल दोन शब्द.

आरे कॉलनी १९५१ साली नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. ती उभी करणारे दारा खुरोडी. टोन्ड दूध त्यांचंच. म्हशीच्या दुधात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे तेवढ्याच म्हशींचं दूध जास्त घरांना पुरतं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना, वर्गीस कुरियन यांना आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून होता. आपल्याकडे कुरियन सगळ्यांना माहीत, खुरोडी कुणालाच नाहीत. याचं वाईट वाटतं.

आता पोरांचं काम. बाटली अर्ध्या लिटरची, काचेची. रिकामी धुऊन परत. आधी थंड पाण्याने हलवायची, गरम पाणी आधी घातलं की दूध काचेला शिजून चिकटतं आणि तळाला पांढरं कडं राहतं. केंद्रावर अस्वच्छ बाटली परत करायचे. तारेच्या पिशवीत बाटल्यांमध्ये कापडाची पट्टी घालायची, नाहीतर जिना चढताना एकमेकींवर आपटून तोंडाची कपची उडते. कपची उडालेली बाटली घेत नसत.

बाटलीवरची पातळ पत्र्याची झाकणं फेकत नव्हते. चमच्याच्या पाठीने उलटीकडून घासून सपाट करायची, काठ फाटू द्यायचा नाही, दाभणाने मधोमध भोक, दोऱ्यात ओवताना मधे जुन्या पोलक्याच्या कापडाचा नाहीतर स्ट्रॉचा तुकडा. गणपतीला तोरण तयार.

निरोप_घेऊन_येतो

झाकणाच्या आतल्या बाजूची साय राहिली की मुंग्या लागायच्या तोरणाला, ते राहिलं की. राखेने घासून धुवायची ओवण्याआधी.

आरे_युनिट

बरोबर, धन्यवाद.

सी_नव्वद

कॅसेटवर कुणीच नाही?? घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

साठ मिनिटांची कॅसेट सगळ्यात टिकाऊ. नव्वदची टेप पातळ, एकशेवीसची त्याहून पातळ, ती ताणते आणि रोलरला गुंडाळते. टेप अडकली तर झटका द्यायचा नाही. आधी प्लग काढा, मग रबरी रोलर बोटाने उलटा फिरवत टेप मोकळी करा. चुरगळलेली टेप सहा कडांच्या पेन्सिलीवर गुंडाळून घ्यायची. गोल पेन्सिल चक्रात फिरते नुसती.

तुटली तर: दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून ब्लेडने तिरका छेद, सरळ नाही. सरळ छेदाच्या जोडावर टक्क आवाज येतो. चिकटपट्टी मागच्या गुळगुळीत बाजूला, हेडकडे (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या मळकट बाजूला नाही. बाहेर आलेली पट्टी टेपच्या रुंदीला कापायची, राहिली तर आत चिकटते.

आवाज दबका येत असेल तर आधी हेड पुसा. काडीला कापूस, थोडं स्पिरिट. तरी दबका असेल तर हेडशेजारचा स्प्रिंगचा छोटा स्क्रू, पाव फेऱ्याहून जास्त नाही, कॅसेट चालू ठेवून. टाळ-झांज ज्या जागी सगळ्यात खणखणीत ऐकू येते तिथे थांबायचं. पण मग त्या मशीनवर आधी भरलेल्या कॅसेटी दबक्या लागतात!! म्हणून घरच्याच भरलेल्या कॅसेटीवर लावायचा, विकतच्या नाही.

पुसली जाऊ नये म्हणून मागचे दोन टवके मोडायचे. पुन्हा भरायची असेल तर त्या भोकांवर चिकटपट्टी.

शिटी झाली. येते.

गच्चीवाली

तिसरी शिटी झाली की लिहा अजून, तोवर डाळ शिजेल. 😀

चंद्रकोर७९

दिवाळी तोंडावर आलीय तर कंदिलाची कृती कुणीतरी द्या. माझ्या मुलीला शाळेतून करायला सांगितलाय. विकतचा नको, कामट्यांचा हवा.

बुरूडआळी

देतो. पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. घरच्या गॅलरीला २० सेंटिमीटरची कामटी पुरे. कंदील २८ सेंटिमीटर उंच आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंटिमीटर होतो. कामटी हिरव्या बांबूची नको, वाळताना पिळते. पाती काढलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक. पेर मधे येऊ द्यायचं नाही.

चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. सुती दोरा, ओला करून. वाळला की आवळतो. नायलॉनचा दोरा सैल पडतो. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही २८ सेंटिमीटरच्या थोडेसे वर आले पाहिजेत. कर्ण जुळले नाहीत तर पुढे काहीच जुळत नाही, आणि नवशिक्यांचं इथेच बिनसतं.

आता चार चौकोन कोपऱ्यावर उभे करा, शंकरपाळ्यासारखे, आणि शेजारच्या कोपऱ्याला कोपरा बांधत कडं करा. वरचे चार कोपरे पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना, खालचे चार सहाव्याला. झाला सांगाडा. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. वेगळी कामटी लावायची नाही.

खळ: एक कप गार पाण्यात दोन चमचे मैदा, गुठळी मोडून घ्या आणि मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गरम पाण्यात मैदा घातला की गाठी. झुरळं कागद कुरतडतात म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे, पण ते विष आहे. लहान मूल करणार असेल तर घालू नका, खळ रोज ताजी करा.

कागद पतंगाचा. शंकरपाळ्यांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. कागद कापताना चारी बाजूंनी बोटभर जास्त, तेवढी पट्टी कामटीवरून आत दुमडून चिकटवायची. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. कागद ओला झाला की रंग सुटतो. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा, नाहीतर गरम हवा कोंडते. खालच्या चौकोनाला झिरमिळ्या, हातभर लांब, दोन बोटं रुंद.

चंद्रकोर७९

केवढं नीट लिहिलंत! बल्ब किती वॅटचा? आणि कामट्या आता कुठे मिळतात?

बुरूडआळी

तेव्हा ४० वॅटचा पिवळा लावायचे, त्याच्या वर नाही. आता ५ वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पांढरा लावला तर लाल कागद गुलाबी दिसतो. वायर वरच्या चौकोनाच्या मधोमध आडवी कामटी टाकून तिला बांधा. बल्ब कंदिलाच्या पोटात मधोमध आला पाहिजे. एका बाजूला झुकला की तिकडचा कागद आधी पिवळा पडतो.

कामट्या टोपल्या-सुपं विकणाऱ्यांकडे. ठाणे, कल्याण, दादरला अजून मिळतात. दिवाळीच्या आठवड्यात गेलात तर तयार कंदिलांमुळे त्यांना वेळ नसतो, आत्ताच जा. २४ नको, ३० घ्या. पाच-सहा तरी बांधताना चिरतात.

ठाकुर्ली_स्लो

कल्याणला जाणार असाल तर दुपारी जा. संध्याकाळी साडेपाचनंतर हातभर कामट्यांची मोळी घेऊन लोकलमध्ये चढू नका.

चंद्रकोर७९

शनिवारी जाते. चौकोन बांधून झाले की कर्ण मोजून इथे कळवते.